नसलेल्या फायलीची नोंद

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचं एक पथ्य होतं. विषय कितीही अवघड असो, समोर बसलेल्या शेवटच्या रांगेला तो कळला पाहिजे. आजचा विषय त्या पथ्याची परीक्षा पाहणारा आहे. माउंट, लेयर, इमेज, कंटेनर हे शब्द हिंजवडीत आणि बंगळुरात रोज कानावर पडतात. पण त्यामागे काय चालतं हे सभागृहात बसून कुणी सांगत नाही. ते काम तांत्रिक पुस्तिकांवर सोडून दिलेलं असतं, आणि पुस्तिका वाचायला कुणाला वेळ नसतो.

मी एकाच प्रश्नाचा माग काढणार आहे. एखादी फाइल आहे, हे संगणकाला सांगणं सोपं असतं. पण ती फाइल अशा ठिकाणी असेल की जिथे आपल्याला हात लावता येत नाही, आणि तरीही 'ती आता नाही' असं सांगायचं असेल, तर ते कसं सांगायचं? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने चांगल्या चांगल्या डोक्यांची पंचवीसेक वर्षं घेतली. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर ज्या पायावर चालतात, त्यात या प्रश्नाचं उत्तर बसवलेलं आहे. ते उत्तर हुशारीचं आहे. निर्दोष मात्र नाही.

सुरुवात माउंटपासून करू.

विंडोज वापरणाऱ्यांना सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह माहीत आहेत. डिस्क वेगळी, तर अक्षर वेगळं. ही पद्धत डॉसमधून आली आणि डॉसकडे ती सीपी-एम नावाच्या सत्तरच्या दशकातल्या प्रणालीकडून आली. फ्लॉपीसाठी ए आणि बी, म्हणून हार्ड डिस्क सी. फ्लॉपी जाऊन जमाना लोटला, तरी सी आपला सीच राहिला. या पद्धतीत पत्ता वाचला की डिस्क कळते.

युनिक्सने हे नाकारलं. तिथे झाड एकच असतं. त्याचं मूळ एका तिरक्या रेघेने दाखवतात आणि त्याला रूट म्हणतात. डिस्क एक असो की दहा, त्या सगळ्या या एकाच झाडावर कुठे ना कुठे जोडलेल्या असतात. जोडण्याच्या त्या क्रियेला माउंट करणं म्हणतात, आणि १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून ती सोबत आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली एसीएमच्या मासिकात युनिक्सवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात बेल लॅब्जमधल्या त्यांच्या पीडीपी-११/४५ यंत्राचं वर्णन आहे. एक मेगाबाइटची स्थिर डिस्क, प्रत्येकी अडीच मेगाबाइटचे चार लहान ड्राइव्ह, आणि चाळीस मेगाबाइटचा एक मोठा. रूट होती त्या एक मेगाबाइटच्या डिस्कवर. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिथे मावला नसता. लोकांच्या फायली मोठ्या डिस्कवर, आणि ती यंत्र सुरू होतानाच माउंट व्हायची. चार लहान ड्राइव्ह कुणीही आपापली डिस्क आणून जोडण्यासाठी मोकळे.

त्या लेखात माउंटची व्याख्या फार नेमकी आहे. झाडाचं एक पान घ्यायचं, म्हणजे एक साधी फाइल, आणि त्या पानाच्या जागी एक आख्खं झाड बसवायचं. त्यानंतर त्या नावाने जो कुणी हाक मारेल, त्याला पान सापडणार नाही, नवं झाड सापडेल. पुढे पानाऐवजी डिरेक्टरी वापरायची पद्धत पडली, पण कल्पना तीच राहिली.

आता हे आतून कसं चालतं ते पाहा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एखाद्या प्रोग्रामने लांबलचक मार्ग देऊन फाइल मागितली, की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो मार्ग एका दमात वाचत नाही. एकेक पायरी चढतो. प्रत्येक पायरीवर तो विचारतो, इथे काही माउंट केलेलं आहे का? असेल, तर खालची डिरेक्टरी तशीच सोडून तो जोडलेल्या डिस्कच्या मुळाशी उडी मारतो आणि तिथून पुढे चालू लागतो. उलट 'एक पायरी वर' असं सांगितलं तरी हीच उडी उलट्या दिशेने. ज्याने फाइल मागितली, त्याला या उड्यांचा पत्ताही लागत नाही.

आणि ज्या डिरेक्टरीवर माउंट केलं तिच्यात आधीपासून काही असेल तर? ते जात नाही. ते तिथेच असतं, फक्त त्याच्यापर्यंत जाणारी वाट बंद होते. माउंट काढला की सगळं जसंच्या तसं परत. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, या गोष्टीने त्याची एखादी रात्र खाल्लेली असते. बॅकअपची डिस्क एके रात्री जोडलीच गेली नाही, बॅकअपचा प्रोग्राम मात्र इमानेइतबारे त्याच डिरेक्टरीत लिहीत राहिला, म्हणजे मूळ डिस्कवर. सकाळी कुणीतरी डिस्क जोडली आणि रात्री लिहिलेलं सगळं झाकलं गेलं. मग 'डीएफ' ही आज्ञा सांगते डिस्क भरली, आणि 'डीयू' ही आज्ञा फायली मोजून सांगते की छे, अर्धीसुद्धा भरलेली नाही. दोघी खरं बोलत असतात. एक डिस्क मोजते, दुसरी दिसतं ते मोजते.

हा पहिला धडा. पत्त्यावर जे दिसतं आणि डिस्कवर जे असतं, यांचा संबंध कुणीतरी जुळवलेला असतो.

पुढची पंधरा वर्षं मी भराभर ओलांडतो. १९८४ साली बेल लॅब्जमध्ये टॉम किलियन यांनी चालू असलेले प्रोग्रामच फायलींसारखे दिसतील अशी फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची व्यवस्था, केली. त्यामागे डिस्क नव्हतीच. सन मायक्रोसिस्टिम्सने त्याच सुमारास दुसऱ्या यंत्रावरची डिस्क नेटवर्कवरून आपल्या झाडावर जोडायची सोय केली, आणि त्यासाठी कर्नलमध्ये एक मधला थर घातला. वर प्रोग्राम, खाली कुठलीही फाइल सिस्टिम, मध्ये दोघांना समजेल अशी ठरलेली बोली. हा मधला थर आला आणि एका फाइल सिस्टिमवर दुसरी रचणं शक्य झालं.

मग प्लॅन नाइन. युनिक्स जिथे घडलं, तिथल्याच मंडळींनी, म्हणजे थॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो, हॉवर्ड ट्रिकी यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नव्याने मांडलेली ही प्रणाली. व्यवहारात ती फारशी चालली नाही. विचारात मात्र तिच्याइतकी पुढे गेलेली प्रणाली मला दुसरी दाखवता येणार नाही, आणि हे मत मी कुणाशीही भांडून टिकवायला तयार आहे. प्लॅन नाइनने दोन गोष्टी केल्या. पहिली, झाड सगळ्या यंत्राचं एक असायचं, ते प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं केलं. तुमच्या प्रोग्रामला जे झाड दिसेल, ते माझ्या प्रोग्रामला दिसेलच असं नाही. दुसरी गोष्ट, एकाच जागी अनेक डिरेक्टऱ्या एकत्र जोडायची मुभा दिली. युनिक्समध्ये आज्ञा कुठे कुठे शोधायच्या याची एक लांबलचक यादी ठेवावी लागते. प्लॅन नाइनने सगळ्या आज्ञांच्या डिरेक्टऱ्या एकाच नावाखाली एकमेकींच्या मागे उभ्या केल्या आणि ती यादी जवळजवळ निकामी करून टाकली.

पण प्लॅन नाइनने एक प्रश्न शिताफीने टाळला. एकत्र जोडलेल्या डिरेक्टऱ्यांपैकी नवी फाइल कुणात तयार होणार, हे त्यांनी ठरवलं. मागच्या, हात न लावता येणाऱ्या डिरेक्टरीतली फाइल काढायची कशी, हे मात्र ठरवलं नाही. शिवाय त्यांचा संयोग फक्त वरच्या पातळीवर होता. आतल्या डिरेक्टऱ्या एकमेकींत मिसळत नव्हत्या. त्यांच्या कामाला तेवढं पुरत होतं.

ज्यांना पुरत नव्हतं, त्यांची गरज वेगळी होती. समजा एका मोठ्या प्रोग्रामचा सोर्स कोड सीडीवर आहे. सीडीवर लिहिता येत नाही. पण मला तो कोड बदलून पाहायचा आहे, काही फायली काढायच्या आहेत, काही घालायच्या आहेत, आणि तेही आख्खी सीडी कॉपी न करता. मग खाली सीडी, वर माझी लिहिता येणारी कोरी डिरेक्टरी, आणि मला दिसावं दोन्हींचं मिळून एकच चित्र. वाचायची वेळ आली की आधी वर पाहायचं, नसेल तर खाली. खालची फाइल बदलायची वेळ आली की ती पूर्ण उचलून वर आणायची आणि वरची प्रत बदलायची. खालच्या प्रतीला धक्का लागत नाही.

इथपर्यंत कुणालाही सुचेल. आता मी खालची एक फाइल पुसतो. वरच्या डिरेक्टरीत ती नाहीच, म्हणजे तिथे पुसण्यासारखं काही नाही. खालची सीडी पुसू देत नाही. काहीच केलं नाही, तर पुढच्या क्षणी मी यादी मागितली की ती फाइल पुन्हा दात काढत हजर. तेव्हा एकच मार्ग उरतो. वरच्या डिरेक्टरीत एक खूण लिहून ठेवायची की या नावाची फाइल खाली सापडली तरी ती नाही असं धरावं. या खुणेला व्हाइटआउट म्हणतात.

आपल्याकडे ज्यांची शेतजमीन आहे, त्यांना ही गोष्ट मी समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावरचा खातेदार वारला की त्याचं नाव खोडरबराने कुणी घालवत नाही. वारस नोंदीचा फेरफार मंजूर होतो, जुन्या नावाला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो आणि खाली वारसांची नावं लागतात. जाण्याचीसुद्धा नोंद करावी लागते. फरक इतकाच की सातबाऱ्यावर कंसातलं नाव वाचता येतं. व्हाइटआउटचं काम नेमकं उलटं. ते नाव पाहणाऱ्याला दिसू द्यायचं नाही.

१९९५ साली जॅन-सायमन पेंड्री आणि मार्शल कर्क मकुसिक यांनी ४.४ बीएसडी या युनिक्सच्या एका शाखेतल्या युनियन माउंटवर, म्हणजे अशा एकावर एक जोडणीवर, लेख लिहिला. त्यात व्हाइटआउट रीतसर मांडलेला आहे. बीएसडीने तर या खुणेला डिरेक्टरीतल्या नोंदींचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली. फ्रीबीएसडीत फायलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला कॅपिटल डब्ल्यू हा पर्याय दिला की लपवलेल्या फायलींच्या खुणा दिसतात, आणि पुसणाऱ्या आज्ञेला तोच पर्याय दिला की पुसलेली फाइल परत येते. पुसण्याच्या आज्ञेनेच पुसणं रद्द करायचं!

खूण करायची एवढं ठरलं, तरी गोष्ट संपली नाही. खरी कटकट तिथून सुरू झाली. समजा मी खालची एक आख्खी डिरेक्टरी पुसली. खूण झाली. आता त्याच नावाची नवी, रिकामी डिरेक्टरी केली. खूण गेली, डिरेक्टरी आली, आणि खालची जुनी डिरेक्टरी पुन्हा तिच्यात मिसळून जुन्या सगळ्या फायली उगवल्या. मग डिरेक्टरीवर आणखी एक खूण हवी: हिच्या खालचं काही पाहू नका. तिला अपारदर्शक डिरेक्टरी म्हणतात. मग खालच्या डिरेक्टरीचं नाव बदलायचं म्हटलं तर? आतल्या हजारो फायली वर उचलून आणायच्या का? बरीच वर्षं उत्तर असं होतं की कर्नल सरळ नकार देई, जणू दोन वेगळ्या डिस्कवरून वस्तू हलवायला सांगितली आहे, आणि बिचारा प्रोग्राम सगळं कॉपी करत बसे. यादी देतानाही दोन थरांतली तीच तीच नावं गाळावी लागतात. बीएसडीने हे काम काही काळ कर्नलच्या बाहेर, सी लायब्ररीवर ढकललं होतं. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कर्नलमध्ये ते केलं असतं तर कर्नल किचकट झाला असता.

लिनक्सच्या जगात हे गुऱ्हाळ दहा-बारा वर्षं चाललं. क्लाउस क्नॉपर यांची क्नॉपिक्स ही सीडीवरून थेट चालणारी लिनक्स तेव्हा घरोघरी फिरत होती. आपल्याकडच्या कॉम्प्युटर मासिकांसोबत अशा सीड्या यायच्या. हार्ड डिस्कला हात न लावता आख्खी प्रणाली चालायची, आणि २००५च्या सुमारास त्यात थरांची सोय आली. खाली सीडी, वर मेमरी. ही सोय देणारी युनियनएफएस न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या एरेझ झाडोक यांच्या गटाची. पाठोपाठ जपानच्या जुंजिरो ओकाजिमा यांची एयूएफएस आली. ती जास्त भक्कम होती आणि वापरणाऱ्यांची लाडकी होती. पण कर्नलची राखण करणाऱ्या मंडळींनी दोन्हींना दारातून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की थरांच्या खाली कुणी परस्पर बदल केला तर काय, एकाच वेळी दोघांनी हात घातला तर काय, याची उत्तरं या कोडमध्ये पटण्याजोगी नाहीत. ओकाजिमा वर्षानुवर्षं आपला कोड नव्या नव्या कर्नलशी जुळवत राहिले, दार उघडलं नाही. माझ्या मते इथे राखण करणारे तत्त्वतः बरोबर होते आणि तरीही त्यांनी वापरणाऱ्यांचे हाल केले. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

शेवटी मिक्लोश सेरेदी यांनी २०१०मध्ये ओव्हरलेएफएस पुढे आणलं. त्यांनी हाव कमी ठेवली. लिहिता येणारा थर एकच. खालच्या थरांना मधूनच कुणी हात लावायचा नाही, लावलात तर परिणाम तुमचे तुम्ही बघा. बरेच प्रश्न त्यांनी सोडवले नाहीत. ते उद्भवणारच नाहीत अशी अट घातली. तरीसुद्धा आत यायला चार वर्षं लागली. डिसेंबर २०१४मध्ये लिनक्सच्या ३.१८ आवृत्तीत ओव्हरलेएफएस दाखल झालं. त्यात व्हाइटआउट कसा लिहितात? वरच्या थरात त्याच नावाचं एक उपकरण म्हणून. युनिक्समध्ये उपकरणंसुद्धा फायलींसारखी दिसतात आणि प्रत्येकाला दोन क्रमांक असतात. शून्य आणि शून्य क्रमांकाचं, अस्तित्वातच नसलेलं एक उपकरण म्हणजे 'इथे काही नाही'. मला हे उत्तर मनापासून आवडतं. नवा प्रकार शोधला नाही, डिस्कची मांडणी बदलली नाही, घरात पडून असलेलीच वस्तू वापरली.

ओव्हरलेएफएसची एक वाकडी सवय सांगतो, कारण तिने फार लोकांना छळलं. एका प्रोग्रामने खालची फाइल फक्त वाचण्यासाठी उघडली. मग त्यानेच ती पुन्हा उघडली, या वेळी लिहिण्यासाठी. लिहिण्यासाठी उघडताक्षणी फाइल वर उचलली गेली. आता त्याच्या एका हातात खालची जुनी प्रत, दुसऱ्या हातात वरची नवी, आणि नाव दोन्हींचं एक. साध्या युनिक्समध्ये असं कधी होत नाही. रेड हॅट लिनक्सच्या घराण्यातला, सॉफ्टवेअर बसवणारा यम हा प्रोग्राम आपल्या नोंदवहीशी नेमकं हेच करायचा, आणि कंटेनरच्या आत (कंटेनर म्हणजे काय, ते लगेच सांगतो) सॉफ्टवेअर बसवताना ती नोंदवही बिघडायची. मग यमला एक खास जोडपुरवणी द्यावी लागली, जी आधीच सगळ्या नोंदवह्यांना नुसता हात लावून त्या वर आणून ठेवायची. २०१८च्या ४.१९ आवृत्तीत या दुखण्याचा बराचसा बंदोबस्त झाला.

आता कंटेनर. कंटेनर म्हणजे छोटा संगणक असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही. कंटेनर म्हणजे तुमच्याच यंत्रावर चालणारा साधा प्रोग्राम, ज्याला वेगळं झाड दाखवलेलं असतं आणि आणखी काही गोष्टी त्याच्यापासून झाकलेल्या असतात. वेगळं मूळ दाखवायची 'चरूट' ही जुनी युक्ती १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून होती, पण तिच्यातून बाहेर पडणं सोपं होतं. प्लॅन नाइनची कल्पना, प्रत्येक प्रोग्रामचं झाड वेगळं, लिनक्समध्ये अल व्हिरो यांनी २००२ साली आणली. लगेच नवी अडचण आली. प्रत्येकाचं झाड वेगळं, तर बाहेर कुणी नवी डिस्क जोडली तर ती आतल्यांना दिसायला हवी की नको? कधी हवी, कधी नको. २००६मध्ये राम पै यांच्या कामातून लिनक्सला प्रत्येक जोडणीसाठी सामायिक, अनुयायी की खासगी हे ठरवायची सोय मिळाली.

म्हणजे २०१३च्या मार्चमध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत डॉकर हे कंटेनर चालवायचं साधन दाखवलं, तेव्हा त्यातला एकही भाग नवा नव्हता. थरांसाठी त्यांनी वापरली ती दारातून परत पाठवलेली एयूएफएस. नवी होती ती थर रचायची सोपी रीत. तुम्ही एक छोटी यादी लिहायची: अमुक मूळ प्रणाली घ्या, तिच्यात हे बसवा, माझा प्रोग्राम इथे ठेवा. फायली बदलणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर होतो. थर एकदा झाला की बदलत नाही, आणि अशा थरांच्या गठ्ठ्याला इमेज म्हणतात. २०१६पासून प्रत्येक थराची ओळख त्याच्यातल्या मजकुरावरून काढलेल्या शा-२५६ या ठशाने होते. एक अक्षर बदललं की ठसा बदलला. आठशे मेगाबाइटच्या एका इमेजवरून पन्नास कंटेनर चालवले, तरी डिस्कवर ते आठशे मेगाबाइट एकदाच. मेमरीतसुद्धा खालच्या थरातल्या फाइलची प्रत एकच. प्रत्येकाच्या वाट्याला वर एक पातळ, लिहिता येणारा थर, आणि कंटेनर काढून टाकला की तेवढाच थर फेकायचा. काही सेकंदांत उभं राहणं आणि काही सेकंदांत मोडणं जमतं ते यामुळे.

आणि आता पुन्हा आपला प्रश्न. त्या यादीत तिसऱ्या ओळीवर कुणीतरी पासवर्ड असलेली फाइल आत कॉपी करतो, कारण काहीतरी डाउनलोड करायला ती लागते. पाचव्या ओळीवर शहाण्यासारखा ती पुसतो. इमेज चालवून पाहतो, फाइल नाही. समाधानाने ती इमेज सगळ्या जगाला खुली करतो. पण तिसरा थर जसाच्या तसा आहे, त्यात पासवर्ड आहे, आणि पाचव्या थरात त्याच्यावर घातलेली खूण. थर म्हणजे साध्या टार फायली, फायलींची गाठोडी. कुणीही तिसरी टार वेगळी काढून उघडू शकतो. चोराच्या दृष्टीने तर ती खूण म्हणजे बोटाने दाखवलेली दिशा. त्या टार फायलीत पुसलेल्या नावाआधी डॉट-डब्ल्यूएच-डॉट हे उपपद लागतं, एयूएफएसची आठवण म्हणून अजून प्रमाणित नमुन्यात टिकलेलं. म्हणजे इथे काहीतरी लपवलं आहे, हे नावासकट लिहून दिलेलं.

जागेचंही तेच. सहाशे मेगाबाइटच्या तात्पुरत्या फायली एका ओळीत आणल्या आणि पुढच्या ओळीत पुसल्या, तर इमेज लहान होत नाही. खुणांपुरती मोठीच होते. डॉकरच्या यादीत पाच-सहा आज्ञा एकाच ओळीत गाठी मारून लिहिलेल्या दिसतात, त्या याचसाठी. आणणं आणि पुसणं एकाच थरात उरकलं, तर थरात काहीच उरत नाही. २०१७पासून एका इमेजमध्ये काम करून त्यातलं फक्त फळ दुसऱ्या इमेजमध्ये न्यायची सोय झाली. आणि पासवर्डसाठी निघालेला खरा तोडगा पाहा: तो थरात घालायचाच नाही. इमेज तयार होत असताना तेवढ्या एका ओळीपुरता तो बाहेरून माउंट करायचा आणि ओळ संपली की काढून घ्यायचा. थरांनी घातलेला गोंधळ निस्तरायला पुन्हा १९७१चा माउंट.

हे फक्त मोठ्या कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. घरातल्या वायफाय राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स चालवणारे हौशी लोक आपल्याकडे बरेच आहेत. तिच्यातही खाली दाबून भरलेला, न बदलणारा थर आणि वर लिहिता येणारा छोटा थर असतो. फॅक्टरी रिसेट म्हणजे वरचा थर रिकामा करणं. आणि त्या राउटरवर जागा कमी पडली म्हणून मूळचा एखादा प्रोग्राम काढायला गेलात, तर जागा वाढत नाही. उलट खूण ठेवायला थोडी लागते. नव्याने येणाऱ्यांना यावर विश्वास ठेवायला जड जातं.

आता या सगळ्याला कायद्याची एक बाजू आली आहे. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे. चाचणीसाठी म्हणून ग्राहकांची यादी कुणी इमेजमध्ये घातली असेल आणि पुढच्या थरात ती काढली असेल, तर ती पुसली असं म्हणता येईल का? मी वकील नाही. पण तंत्र काय सांगतं ते सांगू शकतो. ती खरोखर घालवायची, तर इमेज त्या ओळीशिवाय पुन्हा बांधावी लागते. मग जिथे इमेजी साठवतात त्या रजिस्ट्रीतून जुनी काढावी लागते. तिथेही नाव काढलं म्हणजे थर गेला असं होत नाही. कुणाचाच दावा न उरलेले थर शोधून काढायची वेगळी सफाई चालवावी लागते, आणि ती चालू असताना रजिस्ट्रीत कुणी काही लिहू नये अशी खबरदारी घ्यावी लागते. त्याआधी ज्या ज्या यंत्रांनी तो थर उतरवून घेतला, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. पासवर्ड फुटला तर निदान बदलता येतो, आणि जाणती माणसं इमेज दुरुस्त करण्याआधी तेच करतात. ग्राहकाची जन्मतारीख बदलता येत नाही. म्हणून अशी माहिती थरांच्या बाहेर, वेगळ्या जोडलेल्या साठ्यावर, म्हणजे व्हॉल्यूमवर, ठेवायची पद्धत आहे, जिथे पुसणं म्हणजे साध्या फाइल सिस्टिमवर पुसणं असतं.

साध्या, असं म्हणतो खरा, पण तो व्हॉल्यूम आज बहुधा एसएसडीवर असतो. एसएसडीमध्ये एकदा लिहिलेलं पान जागच्या जागी बदलता येत नाही. नवी आवृत्ती दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहिली जाते, आणि आतला कंट्रोलर आपल्या तक्त्यात जुनं पान रद्द अशी नोंद करतो. प्रत्यक्ष पुसणं एकेका पानाचं होत नाही; अनेक पानांचा आख्खा ब्लॉक मिळून, कंट्रोलरच्या सवडीने होतं. फाइल पुसली गेली हे त्याला आपोआप कळतही नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमला ट्रिम नावाच्या आज्ञेने कळवावं लागतं, आणि लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत ही आज्ञा आठवड्यातून एकदा जाते.